शून्य आणि कोरी जागा

बोट धक्क्याला लागल्यापासून लिलाव पुकारला जाईपर्यंत फार थोडा वेळ मिळतो. खलाशी बांगड्याचे टब वर चढवतात, कोणीतरी वरचा बर्फ बाजूला करतो, व्यापारी टबात हात घालून मासळी वरखाली करून बघतात आणि बोली सुरू होते. सौदा ठरला की तो बांगडा टेम्पोत चढतो आणि कोल्हापूर, बेळगाव, गोव्याच्या वाटेला लागतो. मत्स्यशास्त्राची प्राध्यापक म्हणून मी वर्गात शिकवलं, प्रयोगशाळेत राबले, उत्तरपत्रिका तपासल्या, विद्यापीठाच्या बैठकांना बसले. पण माशांबद्दल मला जे काही खात्रीने सांगता येतं, ते सगळं रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावर, बोट लागल्यानंतर आणि बोली संपण्याआधी मोजलेल्या माशांनी मला सांगितलेलं आहे.

मोजायचं म्हणजे काय, तर एक मेजरिंग बोर्ड, एक वजनकाटा, एक वही. मासा बोर्डावर आडवा ठेवायचा, तोंड टोकाला टेकवायचं आणि शेपटीपर्यंतची लांबी वाचायची. एकजण मोजतो, दुसरा लिहितो. ऐकायला हे काम इतकं सोपं वाटतं, की पहिल्या वर्षाच्या मुलांना यात शिकण्यासारखं काय आहे ते कळत नाही. खरी अडचण मोजायला घेण्याआधीच आलेली असते. टबातून मासा उचलताना हात आपोआप मोठ्या, अखंड, चकचकीत माशाकडे जातो. शेपूट फाटलेला, दबलेला, लहान मासा नजरेआड होतो. त्यातून लिलावासाठी टब भरतानाच चांगला माल वर ठेवलेला असतो. अशा नमुन्यावरून काढलेली सरासरी त्या दिवसाच्या बांगड्याची नसते, निवडणाऱ्या हाताची असते. म्हणून मी एक नियम घालून दिला होता: टबाचा एक कोपरा धरायचा आणि त्या कोपऱ्यातले सगळे मासे, वरपासून तळापर्यंत, एकही न गाळता काढायचे. तळाशी हात घालेपर्यंत बोटं बर्फाने बधिर होतात. पण संख्याशास्त्राच्या पुस्तकातलं यादृच्छिक नमुन्याचं प्रकरण मुलांना तिथेच समजतं, फळ्यावर ते मी कितीही वेळा शिकवलं तरी समजत नाही.

लांबीसोबत वहीत आणखी काही रकाने असत. बोट कुठली, जाळं कुठलं, जाळ्याची आस, म्हणजे छिद्राचा आकार, किती, किती वाव पाण्यात मासळी लागली. वेगवेगळी जाळी एकाच समुद्रातून वेगवेगळ्या आकाराचा मासा काढतात, त्यामुळे जाळं नोंदवल्याशिवाय लांबी नोंदवण्याला काही अर्थ नाही. तारखेच्या शेजारी तिथीचाही रकाना होता. तो आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सरांनी सुरू केला आणि मी तो कधी काढला नाही. कोकणातला प्रत्येक मच्छीमार तिथीच्या पाऊणपट करून भरतीचा तास काढतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. डोल जाळं तर भरती-ओहोटीच्या ओढीवरच चालतं. उधाणात पाण्याला जोर असतो आणि जाळ्यात मासळी शिरते, भांगाला ओढ मंदावते आणि डोलकर दुरुस्तीची कामं काढतात. तारखेनुसार मांडलेल्या आकड्यांत जे चढउतार गूढ वाटत होते, त्यातले कितीतरी तिथीनुसार मांडल्यावर सरळ उलगडले. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी प्रबंधात तिथी बघून भुवया उंचावल्या होत्या. आम्ही त्यांना आलेख दाखवला.

मी शिकायला आले तेव्हा रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय कोवळं होतं. ते १९८१ साली कोकण कृषी विद्यापीठाखाली सुरू झालं. देशातलं पहिलं मत्स्य महाविद्यालय मंगळूरला १९६९ मध्ये निघालं होतं, म्हणजे हा विषय पदवी म्हणून शिकवण्याची परंपराच आपल्याकडे तरुण होती. आमच्या मास्तरांपैकी अनेकजण प्राणिशास्त्रातून आले होते. माशाचा सांगाडा त्यांना पाठ होता, पण धक्क्यावर तांडेलाशी काय बोलायचं ते त्यांनाही आमच्यासोबतच शिकावं लागलं. पुढे पीएचडीसाठी मी वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत गेले. १९६१ साली निघालेल्या या संस्थेत आधी मत्स्य खात्यातल्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण चाले. १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथल्या ग्रंथालयात फ्रान्सिस डे यांचे ‘फिशेस ऑफ इंडिया’चे खंड मी पहिल्यांदा हातात घेतले. १८७५ ते १८७८ या काळात निघालेले हे खंड. डे लष्करात सर्जन होते, आणि त्यांनी काढून घेतलेली माशांची चित्रं अशी आहेत, की आजही पराचे काटे मोजताना शंका आली तर मी आधी तिकडे वळते. एका माणसाने इतकं बारकाईने पाहून ठेवलं म्हणून सव्वाशे-दीडशे वर्षांनंतर आपण त्याच्याशी वाद घालू शकतो. हे मला तेव्हा फार मोलाचं वाटलं आणि आजही वाटतं.

धक्क्यावरून विकत घेतलेले काही मासे बर्फातून प्रयोगशाळेत यायचे. बांगड्याचं पोट उघडलं की आधी गाबोळी बघायची. तिच्या रंगावरून, आकारावरून आणि पोटाची किती जागा तिने व्यापली आहे त्यावरून माशाची प्रजननाची अवस्था ठरवतात. आम्ही सात अवस्थांची मोजपट्टी वापरत असू. बाजारात बसणाऱ्या एका मावशींना मी हे एकदा समजावून सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर चार बांगडे उचलले, अंगठ्याने पोट दाबलं आणि कुठल्यात गाबोळी आहे, कुठल्यात नुकतीच टाकून झाली आहे ते सांगितलं. मी चारही कापून पाहिले. चारही बरोबर होते. त्यानंतर प्रत्येक वर्षीच्या तुकडीला मी त्यांच्याकडे नेत असे, आणि त्या मुलांना नुसतं सांगत नसत, अंगठा धरून दाबायला लावत.

पोटात खाली जठर. बांगडा पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातो, त्यामुळे जठरात हिरवट-तपकिरी लगदा मिळतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो लगदा पसरला की त्यात डायटम आणि कोपेपॉड दिसू लागतात. पहिल्यांदा हे बघणारी मुलं काही वेळ बोलत नाहीत. आपण ज्याचं तिखलं करून खातो त्या माशाने काय खाल्लं, हे बघताना समुद्र किती थरांचा आहे ते त्यांच्या लक्षात येत असावं.

सर्वांत अवघड प्रश्न वयाचा. माशाच्या डोक्यात, मेंदूच्या दोन्ही बाजूंना, चुन्याचे बारीक खडे असतात. थंड समुद्रातल्या माशांच्या खड्यांवर हिवाळ्या-उन्हाळ्याची वलयं झाडाच्या खोडासारखी स्पष्ट उमटतात आणि ती मोजून वय सांगता येतं. आपल्या उष्ण पाण्यात ऋतूंमधला फरक तितका तीव्र नसतो, त्यामुळे ही वलयं पुसट असतात. १९७१ साली जॉर्जिओ पॅनेला यांनी दाखवून दिलं की या खड्यांवर रोजचं एक वलय असतं, आणि उष्ण कटिबंधातल्या संशोधकांना एक वाट मिळाली. मात्र खडा घासून कागदासारखा पातळ करणं आणि ती वलयं मोजणं फार वेळखाऊ. आमच्यासारख्या छोट्या महाविद्यालयाला खरा आधार मिळाला तो डॅनिएल पॉली यांच्या कामाचा. १९८०च्या सुमारास त्यांनी केवळ लांबीच्या नोंदींवरून माशाची वाढ काढायची एलिफान ही पद्धत मांडली. उपकरणं नकोत, महागडी रसायनं नकोत. दर महिन्याला पुरेसे मासे प्रामाणिकपणे मोजलेले हवेत.

वर्गात मी ते असं शिकवत असे. सप्टेंबरच्या लांब्यांचा आलेख काढा. लहान माशांच्या बाजूला एक उंचवटा दिसेल. तो या वर्षी जन्मलेल्या बांगड्यांचा. त्याच्याखाली ऑक्टोबरचा आलेख ठेवा, मग नोव्हेंबरचा, डिसेंबरचा. तो उंचवटा महिन्यागणिक उजवीकडे सरकतो. आधी झपाट्याने, मग हळूहळू. त्या सरकण्याची वाट जोडली, की बेर्टलान्फींनी १९३८ साली मांडलेला वाढीचा वक्र तयार होतो. पुस्तकातलं समीकरण कोरडं असतं, त्यातली तीन अक्षरं मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पण स्वतः मोजलेल्या बांगड्यांचा उंचवटा कागदावर चालताना ज्याने पाहिला, तो ते समीकरण विसरत नाही. आणि त्याला आणखी एक गोष्ट आपोआप कळते: मधला एखादा महिना मोजायचा राहिला, तर पुढच्या महिन्यात दिसणारा उंचवटा तोच आहे की मागून आलेला दुसरा, हे सांगता येत नाही.

माझं सगळं म्हणणं याच्याभोवती आहे. समुद्राबद्दल काही कळायचं असेल तर एकच गोष्ट, एकाच ठिकाणी, एकाच रीतीने, न थांबता मोजत राहावी लागते. आणि आपल्याकडच्या संशोधनाची सगळी व्यवस्था थांबण्यासाठी आखलेली आहे. प्रकल्प तीन वर्षांचा असतो, एमएफएससीचा प्रबंध दोन वर्षांत संपवायचा असतो, बढतीसाठी शोधनिबंध हवेत आणि शोधनिबंधासाठी काहीतरी नवीन हवं. मासे या मुदतींप्रमाणे चालत नाहीत. तारलीचंच बघा. १९४०च्या दशकात मलबार किनाऱ्यावरून ती जवळपास नाहीशी झाली होती. पुन्हा भरभरून आली. २०१२ साली एकट्या केरळात जवळपास चार लाख टन तारली उतरली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत ती इतकी घटली की तिथली घरं आणि कारखाने हवालदिल झाले. दरम्यान गेल्या काही दशकांत ती उत्तरेकडे, आपल्या बाजूलाही, पूर्वीपेक्षा जास्त मिळू लागली. आता कल्पना करा, एखाद्याचा तीन वर्षांचा प्रकल्प चढत्या काळात पडला. तो लिहील की तारलीचा साठा वाढतो आहे. दुसऱ्याचा उतरत्या काळात पडला. तो लिहील की तारली संपत चालली. दोघेही प्रामाणिक, दोघांचेही आकडे खरे, आणि दोघांनीही समुद्राची लाट एका बाजूनेच पाहिलेली.

बांगड्याची मोजणी पुढे चालू ठेवण्यासाठी मी निधी मागितला, तेव्हा अर्ज परत आला. “यात नवीन काय?” असा शेरा होता. मी उत्तर पाठवलं की हे मोजणं थांबलेलं नाही, हेच यातलं नवीन आहे. याच्या आधीची वर्षं आमच्या कपाटात आहेत आणि ती दुसऱ्या कोणाकडे नाहीत. निधी मिळाला नाही. मग आम्ही दुसरी वाट काढली. पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रश्न वेगळा द्यायचा. कोणाला जठरातलं खाद्य, कोणाला गाबोळी, कोणाला परजीवी, कोणाला बर्फातल्या माशाचं टिकणं. पण प्रत्येकाने आपल्या कामासोबत महिन्याची मोजणी करायचीच. मासे विकत घ्यायला लागणारे पैसे कधी विभागातून आले, कधी आम्ही शिक्षकांनी घातले. अशी ती वही एका हातातून दुसऱ्या हातात गेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९५०पासून देशभरच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीची नोंद ठेवली आहे, आणि भारतातल्या सागरी मासेमारीबद्दल आज जो कोणी शहाणपणाने बोलतो तो त्या नोंदींच्या आधारावर बोलतो. ते काम प्रचंड आहे. पण एका बंदरावरच्या एका माशाचं बारीक तपशिलाचं काम जवळच्या महाविद्यालयानेच करायला हवं, असं मला मनापासून वाटत आलं. तिथे दरवर्षी नवे हात येतात आणि धक्का सायकलच्या अंतरावर असतो.

पॉली यांनी १९९५ साली एक छोटा लेख लिहिला होता. त्याचा आशय असा, की प्रत्येक पिढीतला शास्त्रज्ञ आपल्या उमेदीच्या काळात समुद्र जसा होता तोच मूळ समुद्र धरतो आणि तिथून घट मोजतो. पुढची पिढी त्याहून कमी झालेल्या समुद्राला मूळ धरते. एका पानाचा तो लेख मी दरवर्षी वाचायला देत असे आणि मुलांना घरी पाठवत असे, आजोबा-आजींना विचारून या म्हणून. हर्णैकडचा एक मुलगा परत आला आणि म्हणाला, “मॅडम, आजोबा ज्या घोळीला लहान म्हणतात, ती मी कधी बघितलेलीच नाही.” त्याच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. लेख त्याला समजावून द्यावा लागला नाही.

ही मुलं निरनिराळ्या गावांतून येतात. किनाऱ्यावरची येतात, तशी लातूर, यवतमाळ, बुलढाण्याकडचीही येतात, ज्यांनी प्रवेशाच्या दिवशी समुद्र पहिल्यांदा पाहिलेला असतो. सुरुवातीला त्यांना धक्क्यावरचा वास सहन होत नाही. पण मला आलेला अनुभव असा, की मासे ओळखण्यात अनेकदा हीच मुलं पुढे जातात. किनाऱ्यावरच्या मुलाला मासा नावानिशी माहीत असतो, म्हणून तो नीट बघत नाही. देशावरच्या मुलाला सगळंच नवं, तो काटे मोजतो, खवले मोजतो, रेषा बघतो. मी शिकत होते तेव्हा वर्गात मुली मोजक्या होत्या आणि बोटीवरच्या प्रशिक्षणाला त्यांनी जावं की नाही यावर चर्चा व्हायची. आता वर्गात मुली भरपूर आहेत आणि ती चर्चा कोणी करत नाही. धक्क्यावर मात्र सुरुवातीला त्यांच्याकडे वळून बघतात. तिथे लिलावात उभ्या असणाऱ्या बायका त्यांना जवळ ओढतात. लिलावाच्या गर्दीत जागा करून देणं, टब थोडा वेळ रोखून धरणं, “पोरींना मोजू द्या आधी,” म्हणून व्यापाऱ्याला दटावणं, हे त्या मावशींनी केलं नसतं तर आमच्या वहीतली निम्मी पानं भरली नसती.

पदवीनंतर मुलं कुठे जातात, हा प्रश्न पालक पहिल्याच दिवशी विचारतात. काही बँकांत कृषी अधिकारी होतात, काही स्पर्धा परीक्षा देतात, काही गुजरात आणि आंध्रच्या कोळंबी प्रकल्पांवर तंत्रज्ञ म्हणून जातात, काही निर्यातीच्या कारखान्यांत गुणवत्ता तपासतात. मला यात वाईट काही वाटत नाही. कर्ज मंजूर करणारा अधिकारी जाळ्याची आस म्हणजे काय ते जाणत असेल, तर बोट बांधणाऱ्याचं भलंच आहे. वाईट वाटतं ते याचं, की मोजण्याचं काम आवडलेल्या मुलाला ते काम करत राहता येईल अशा जागा फार थोड्या आहेत.

गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीचा भाग मी काही वर्षं शिकवला, तो मला अजून आवडतो. १० जुलै १९५७ या दिवशी ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन तळ्यात घडवून आणलं. तोपर्यंत रोहू-कटल्याचं बीज नदीतून गोळा करावं लागे, आणि त्यात नको असलेल्या माशांची पिल्लंही यायची. आता तयार इंजेक्शनं मिळतात. तरी मी मुलांना एकदा ग्रंथी काढायला लावायचेच. बाजारातून माशांची डोकी आणायची, कवटीची टोपी उघडायची, मेंदू हलक्या हाताने उचलायचा. त्याच्याखाली मोहरीएवढी ती गाठ असते. ती फुटू न देता काढायची आणि अल्कोहोलमध्ये ठेवायची. एवढ्याशा गाठीवर देशातल्या लाखो तळ्यांचं उत्पन्न उभं राहिलं, हे कळायला ती चिमट्यात धरायला हवी.

कामाचा सगळ्यात कठीण भाग प्रयोगशाळेबाहेरचा होता. रत्नागिरीत पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातला वाद वर्षानुवर्षं धुमसतो आहे. या प्रश्नावर नेमलेल्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये शासनाने पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच महिन्यांपुरती मर्यादित केली. त्याच्या आगेमागे मला दोन्ही बाजूंनी बोलावणी यायची. माझे विद्यार्थी दोन्ही बाजूंच्या घरांतले होते. रापण ओढणाऱ्याचा मुलगा आणि पर्ससीनच्या मालकाचा मुलगा एकाच बाकावर बसून माझ्याकडे बघत असत. प्रत्येकाला माझ्याकडून एक वाक्य हवं होतं: दुसऱ्यामुळे मासा संपला. मी जे सांगत आले ते असं: पर्ससीनचं गोलाकार जाळं एका फेऱ्यात अख्खा थवा उचलतं, त्यामुळे त्याच्या संख्येवर आणि काळावर बंधन असणं मला योग्य वाटतं; डोल जाळ्यात लहान पापलेट मोठ्या प्रमाणावर येतो, तेही साठ्याला तितकंच महागात पडतं; आणि किनाऱ्यालगतच्या खाड्या भरत गेल्या, प्रदूषित झाल्या, तर जाळं कुठलंही असो, पिल्लं वाढायला जागा उरत नाही. सभेत या उत्तराला टाळ्या मिळत नाहीत. एका सभेनंतर एक वयस्कर तांडेल, ज्यांना मी चाचा म्हणते, माझ्याकडे आले. “बाई, तुमी कोणाच्याच नाय,” ते म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या बोटीचे टब आम्हाला सगळ्यांच्या आधी मोजायला मिळाले.

२०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. हा आकडा बातमीत आला तेव्हा अनेकांना तो कार्यालयातल्या टेबलावर सुचलेला वाटला. असा आकडा यायला किती धक्क्यांवर, किती थंड टबांत, किती मुलांनी हात घातलेला असतो, किती गाबोळ्या उघडून बघितलेल्या असतात! मासा एकदा तरी प्रजनन करून मग जाळ्यात यावा, या साध्या न्यायासाठी तो किती लांबीचा झाल्यावर प्रौढ होतो हे माहीत असावं लागतं. ते दुसऱ्या देशाच्या पुस्तकातून उचलता येत नाही. आणि समुद्र तापत चालला तर तो आकडा तसाच राहील असंही धरून चालता येणार नाही. तो पुन्हा पुन्हा मोजावा लागेल.

आता शून्याबद्दल. वहीत शून्य आणि कोरी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी सांगत आले. शून्य म्हणजे आम्ही गेलो होतो, बोटी आल्या होत्या आणि त्यांत बांगडा नव्हता. कोरी जागा म्हणजे आम्हाला माहीत नाही. जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैअखेरपर्यंत मासेमारी बंद असते, ते रकाने कोरे. बरेच बांगडे याच पावसाळ्याच्या आगेमागे अंडी घालतात, म्हणजे आमच्या वहीतला सर्वांत महत्त्वाचा काळ कायमचा कोरा आहे, आणि तो तसा असण्यातच बांगड्याचं हित आहे. २०२०च्या टाळेबंदीत काही आठवडे कोरे गेले. आणि नोव्हेंबर २००९ मधली काही पानं कोरी आहेत, फयान वादळाची. समुद्रात गेलेल्या बोटींतल्या काही परत आल्या नाहीत. त्या दिवसांत धक्क्यावर आमचे विद्यार्थी होते, पण बोर्ड घेऊन नव्हते. घरच्यांसोबत उभे होते. त्या पानांवर नंतर काही भरावं असं मला कधी वाटलं नाही. समासात फक्त वादळाचं नाव लिहिलं आहे.

अलीकडे या वह्या संगणकावर चढवायचं काम सुरू झालं, तेव्हा पहिल्याच फाइलमध्ये सगळ्या कोऱ्या जागांच्या ठिकाणी शून्य भरलं गेलं. टाइप करणाऱ्या मुलीला रिकामी चौकट अपुरी वाटली. त्या फाइलवरून सरासरी काढली तर जून-जुलैत समुद्रात बांगडाच नसतो असं निघालं असतं, आणि वादळाचा आठवडा मासळीच्या दुष्काळाचा ठरला असता. आम्ही दोघी मूळ वह्या घेऊन बसलो आणि एकेक शून्य तपासलं. खरी शून्यं थोडी निघाली. ती मी तिला मोठ्याने वाचून दाखवली, कारण त्या प्रत्येक शून्यासाठी कोणीतरी पहाटे उठून धक्क्यावर गेलं होतं.

मी निवृत्त झाले, आणि माझ्या जागी आलेला तरुण प्राध्यापक आमचाच विद्यार्थी आहे. त्याला लांबी शेपटीच्या टोकापर्यंत न मोजता बेचक्यापर्यंत मोजायची आहे. टोकं धक्क्यावर येईतो मोडलेली असतात, बेचकं शाबूत असतं. बाहेरच्या देशांत बांगड्याच्या जातीचे मासे तसेच मोजतात, तुलना सोपी होते. त्याचं म्हणणं बरोबर आहे. मी एवढंच मागितलं, की जुनी रीत एकदम सोडू नये. आता ते दोन्ही लांब्या घेतात. सगळ्या आकारांचे मासे दोन्ही रीतींनी पुरेसे मोजले, की एकीवरून दुसरी काढायचं समीकरण मिळेल आणि मागच्या सगळ्या वह्या नव्या मापात बदलता येतील. लहान आकाराचे मासे त्यात अजून कमी पडताहेत. ते मिळायचे तर बंदी उठल्यावरचे ऑगस्टमधले पहिले टब चुकवून चालणार नाही. तेव्हा समुद्र अजून खवळलेला असतो आणि बोटी थोड्याच बाहेर पडतात. कुठली बोट कधी निघणार ते चाचांच्या मुलाला माहीत असतं. त्याचा नंबर मी नव्या प्राध्यापकाला दिला आहे.